नमुन्यातली वाळू

आईचा डावा हात प्लास्टरमध्ये होता, म्हणून हे उघडकीला आलं. दोन्ही हात धड असते तर तिने एका हाताने यंत्र दाबून धरलं असतं, दुसऱ्याने दांडा ओढला असता आणि बोलायचं काही कारणच पडलं नसतं. घरातल्या वस्तूंना माणसं अशी सांभाळूनच घेतात. कपाटाचं दार किंचित उचलून लावायचं, नळ थोडा जास्त आवळायचा, हे कुणी कुणाला शिकवत नाही आणि त्याची तक्रारही करत नाही.

मंगळवारची सकाळ होती. लेक ऑफिसला निघायच्या घाईत होती. तिने स्वतः आखलेलं कॉफीचं यंत्र आदल्या संध्याकाळपासून स्वयंपाकघराच्या ओट्यावर विराजमान झालं होतं. चाचणीपुरत्या कच्च्या साच्यांतून काढून कर्मचाऱ्यांच्या घरी वापरून बघायला दिलेल्या पहिल्या बारा नगांपैकी हा एक. रंग मळकट पांढरा, अंग गोलसर, पुढे लाकडी मुठीचा एकच लांब दांडा. बटण नाही, दिवा नाही, पडदा नाही.

"अगं, हे पळतंय," आई आतून ओरडली.

"काय पळतंय?"

"तुझं यंत्र. मी ओढते दांडा आणि येतं सगळं यंत्रच. आणखी दोनदा ओढलं तर मांडीवर येऊन बसेल."

लेक पायात एकच चप्पल घालून आत आली. ओटा ओला असेल म्हणून तिने तो पुसला. यंत्राचे रबरी पायही पुसले. मग दांडा ओढून दाखवला. यंत्र जागचं हललं नाही.

"बघ. काही होत नाही."

"होणार कसं? डावा हात त्याच्या डोक्यावर होता तुझा. न्हाव्याच्या खुर्चीत पोराला धरून बसवावं तसा."

लेकीने डाव्या हाताकडे पाहिलं. हात अजून तिथेच होता. तिने तो काढून पाठीमागे नेला आणि दांडा पुन्हा ओढला. यंत्र दोन बोटं पुढे सरकलं. तिसऱ्यांदा ओढला. आणखी दोन बोटं. ओट्याची कड आता फार लांब नव्हती.

"लाजरं आहे गं थोडं," आई म्हणाली. "होईल सवय."

लेकीला हसू आलं नाही. कारण कंपनीच्या पोस्टरवर त्या यंत्राच्या चित्राखाली तीनच शब्द छापून तयार होते: एक हात पुरे.

हे तीन शब्द कुठून आले, ते सांगायला हवं. घरगुती कॉफी यंत्रं विकणाऱ्या कुठल्याही दुकानात गेलं तर भिंतभर काळी, चकचकीत, बटणांची यंत्रं एकाच आईची लेकरं असल्यासारखी रांगेत उभी दिसतात. तिची कंपनीही वर्षानुवर्षं त्याच रांगेत एक यंत्र उभं करत आली होती आणि गिऱ्हाईक त्यावरून नजर फिरवून पुढे जात होतं. तीन महिन्यांपूर्वी चाळीस माणसांना बोलावून त्यांच्यापुढे तीन नमुने ठेवले होते, दोन बटणांचे आणि एक दांड्याचा. तिन्ही पोकळ, नुसते दिसायला. बटणांच्या नमुन्यांना लोक "छान आहे" म्हणाले आणि हात मागे बांधून पुढे सरकले. दांड्यापाशी आल्यावर मात्र हात आपोआप सुटायचा. आत फक्त एक स्प्रिंग होती, पण माणसं ती ओढायची, सोडायची, परत ओढायची. दुसऱ्या हातात फोन, पिशवी, कुणाचं लेकरू. "भक्कम आहे," म्हणायची. "भरवशाचं वाटतं." एक आजोबा तर म्हणाले, "हे कधी बिघडणार नाही." आत बिघडण्यासारखं काही नव्हतंच, हा भाग वेगळा.

चाळिसातल्या एकतीस जणांनी दांडा निवडला. जाहिरात विभागाच्या प्रमुखाने तिथेच उभ्या उभ्या तीन शब्द वहीत लिहून घेतले आणि काखेत बाळ घेतलेली बाई पोस्टरवर उभी केली.

कंपनीच्या मालकिणीला सगळे नुसतं "बाई" म्हणत. त्यांनी तेव्हाच बजावलं होतं. आपलं यंत्र चाचणीत टिकलं तर पक्के, मग न बदलता येणारे साचे करू. नाही टिकलं तर बाहेरून तयार यंत्र घेऊ आणि त्यावर आपल्या नावाची पट्टी लावू. पक्क्या साच्यांच्या ऑर्डरवर सही शुक्रवारी व्हायची होती. पट्टी चिकटवायला डिझायनर लागत नाही, नमुने घडवणारी खोली तर नाहीच नाही. हे बाई बोलल्या नव्हत्या, पण ऐकणाऱ्या सगळ्यांना ते ऐकू आलं होतं.

लेक या कंपनीत डिझायनर होती. ऑफिसला पोहोचली ती वर न जाता थेट तळमजल्यावरच्या त्याच खोलीत गेली. भेगा बुजवायची लांबी, रंग आणि ताज्या भुशाचा वास तिथे बारा महिने असे. कानामागे पेन्सिल खोवून मिस्त्री एका नव्या मुठीला काचपेपर मारत होते. बत्तीस वर्षं ते या कामात होते आणि त्यांना मिस्त्रीशिवाय दुसरं नाव असेल असं कुणाला वाटत नसे.

"या ताई. आज एवढ्या सकाळी?"

ती सरळ कपाटाकडे गेली. चाचणीतला तो नमुना कपाटाच्या खालच्या फळीवर फडक्याखाली ठेवला होता. तिने एका हाताने तो उचलायला घेतला आणि मनगट वाकलं. पोकळ नमुना एवढा जड असेल असं तिला वाटलं नव्हतं.

"मिस्त्री, हा एवढा जड का?"

"वाळू आहे त्यात," मिस्त्री म्हणाले. भिंतीत विटा आहेत असं कुणी सांगावं, तशा आवाजात.

"वाळू?"

"कोरडी वाळू. बुडात भरायची, वरून बूच मारायचं. हलका नमुना स्प्रे गनच्या हवेनं डुलतो. मी नवीन होतो तेव्हा एक असाच ओल्या रंगानिशी पालथा पडला, तीन आठवड्यांचं काम मातीत गेलं. तेव्हापासून प्रत्येक नमुन्यात भरतो."

"प्रत्येक?"

"एकूण एक."

"वर कुणाला माहीत आहे हे?"

मिस्त्रींनी काचपेपर खाली ठेवला. "लपवलेलं नाही काही. कुणी विचारलं नाही. वरची मंडळी येतात, रंग बघतात, आकार बघतात. बूड कोण बघतं?"

मग तिने सकाळची हकिगत सांगितली. मिस्त्री ऐकत गेले तसा त्यांचा हात कानामागच्या पेन्सिलीकडे गेला आणि तिथेच राहिला. बटणांच्या नमुन्यांतही वाळू होती, पण बटण दाबणाऱ्याला ती कळण्याचं कारण नव्हतं. दांडा ओढणाऱ्याला ती प्रत्येक वेळी कळली होती, फक्त तिचं नाव माहीत नसल्यामुळे तो तिला भरवसा म्हणाला होता.

"माझ्या नावावर घाला, ताई," मिस्त्री शेवटी म्हणाले. "तसाही मी वर्षअखेरीला घरी बसणार. मिस्त्रीनं घोळ घातला म्हणा आणि मोकळ्या व्हा."

"तुमच्या नावावर काय घालू? आठ वर्षं या खोलीत येतेय. एक नमुना माझ्या हातानं उचलला नाही मी. तुम्ही दोघंतिघं मिळून वर आणून ठेवायचात आणि मी लांबून मान तिरकी करून बघायची."

"मान मात्र छान तिरकी करता," मिस्त्री म्हणाले. दोघंही जरा हसली, पण ते हसू फार टिकलं नाही.

दुपारी डबा खाताना तिने इंजिनिअरला गाठलं. तो वस्तूचा ग्रॅम न् ग्रॅम मोजायचा म्हणून सगळे त्याला काटा म्हणत. त्यालाही ते आवडायचं. या यंत्राच्या पहिल्या आराखड्यातून त्याने जवळजवळ दोन किलो उतरवले होते आणि त्याबद्दल त्याला शाबासकीही मिळाली होती.

"ओटा ओला असेल," काटा म्हणाला.

"पुसला होता."

"मग आईला म्हणावं थोडं थांबा. प्लास्टर निघू दे. गिऱ्हाइकाला दोन हात असतात."

"पोस्टरवरच्या बाईच्या दुसऱ्या हातात बाळ आहे."

काट्याने डब्याचं झाकण लावलं, परत उघडलं, परत लावलं. "माझ्या घरी नाही सरकलं."

"एका हातानं ओढलंस?"

"एका हातानं. शपथ."

त्याच्याकडे बघताना हे खरंच वाटत होतं, आणि त्यामुळे ती आणखी गोंधळली.

"हे बघ," तो आवाज खाली आणून म्हणाला, "शुक्रवारी हे बोललीस तर बाई बाहेरचं यंत्र आणतील. मिस्त्रींची खोली बंद. तू आणि मी पट्ट्या सरळ लागल्यात का बघत बसू."

"आणि नाही बोलले तर?"

"साचे होतील. मग बघू."

"साचे झाल्यावर काय बघायचं असतं रे?"

काट्याने डबा पिशवीत टाकला.

बुधवारी ती हिशेब खात्यातल्या कारकुनाच्या घरी गेली. बारांपैकी एक नग तिथे होता आणि त्याच्या अभिप्रायाच्या फॉर्मवर सगळीकडे "उत्तम" लिहिलेलं होतं. कारकुनाने मोठ्या कौतुकाने कॉफी करून दाखवली. यंत्राखाली ओल्या फडक्याची चौपदरी घडी होती.

"हे फडकं कशाला?"

"तसं बरं बसतं ते. हलत नाही."

"फॉर्मवर लिहिलं नाहीत."

"त्यात काय लिहायचं?" कारकून मनापासून चकित झाला. "तक्रार थोडीच आहे?"

परतताना तिच्या डोळ्यांपुढे ते फडकं होतं. गोल अंग, मळकट पांढरा रंग, महिनाभर घासून ठरवलेली लाकडी मूठ, आणि खाली ओलं फडकं. घरी येणारा पाहुणा आधी ते बघणार. तक्रार कुणीच करणार नाही. फक्त शेजारणीने विचारल्यावर "घे तू पण" असंही कुणी म्हणणार नाही.

शुक्रवारी सकाळी मीटिंगच्या टेबलावर साच्यांच्या ऑर्डरचा कागद होता आणि बाईंच्या हातात पेन. डिझायनरने दोन यंत्रं टेबलावर ठेवून घेतली होती, दोन्ही एकसारखी दिसणारी. मिस्त्रींना तिने मुद्दाम वर बोलावलं होतं. खुर्ची देऊनही ते दाराशीच उभे होते.

"बाई, सहीच्या आधी एक काम करा. दोन्ही दांडे ओढून बघा. एकाच हातानं."

बाईंनी पेन ठेवलं. पहिला दांडा ओढला. यंत्र ठाम. दुसरा ओढला. यंत्र पुढे घसरलं आणि त्याच्या धक्क्याने पेन टेबलाखाली गेलं. ते उचलायला कुणी वाकलं नाही.

"फरक काय आहे दोघांत?"

"पहिल्यात वाळू आहे," डिझायनर म्हणाली आणि सगळं सांगितलं. आईचा हात, स्प्रे गन, बूच, कारकुनाचं फडकं. आडपडदा न ठेवता, लांबण न लावता.

"म्हणजे एकतीस लोकांनी वाळूला मत दिलं," जाहिरात प्रमुख म्हणाला. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "मी पोस्टर छापून बसलोय."

"तीन महिने," बाई डिझायनरला शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही मला या वाळूचे आकडे दाखवत होतात."

"हो."

"चूक कुणाची?"

"माझी," मिस्त्री दारातून म्हणाले.

"माझी," डिझायनर म्हणाली. "नमुना उचलून बघणं हे माझं काम होतं."

काटा खुर्चीत चुळबुळला. "वाळू किती भरली होती?"

"दोन किलो. मापाचा डबा ठरलेला आहे."

"मी तेवढंच उतरवलं होतं," काटा म्हणाला. हे तो कुणाला सांगत होता, ते कळलं नाही. मग त्याचा स्वर बदलला. "पण मग माझ्या घरी का नाही सरकलं?"

"उठ," डिझायनर म्हणाली. तिच्या डोक्यात सकाळपासून काहीतरी घोळत होतं. निघताना आईने टाचा उंचावून दांडा ओढला होता आणि म्हणाली होती, अशी उभी राहिले की कमी पळतं. "उठ आणि दुसरा दांडा ओढ."

काटा सहा फुटांच्या वर होता. तो उभा राहिला, त्याने वरून दांड्यावर हात टाकला आणि खाली नेला. हलकं यंत्र जेमतेम नखभर सरकलं.

"तू दाबतोस," ती म्हणाली. "आई ओढते. आई बुटकी, दांडा उंच. तिचा हात दांड्याला स्वतःकडे खेचतो. तुझा खाली ढकलतो. तूच यंत्राला धरून ठेवतोस, त्याच हातानं."

मग मिस्त्री दार सोडून टेबलापाशी आले, त्यांनी कानामागची पेन्सिल काढली आणि यंत्राच्या मळकट पांढऱ्या अंगावर थेट एक खूण केली. "दांडा इथून निघाला पाहिजे. चार बोटं खाली. मग बुटक्या माणसाचाही हात वरूनच पडेल."

"आणि खाली लोखंडी पत्रा," डिझायनर म्हणाली. "प्लास्टिकच्या बुडाऐवजी."

सगळ्यांनी काट्याकडे पाहिलं. त्याने सुस्कारा सोडला. "एक किलो देतो. त्यावर एक ग्रॅम मागू नका."

बाईंनी ऑर्डरचा कागद उलटा करून ठेवला. "तुमच्या आईंचं प्लास्टर कधी निघणार?"

"सोळा दिवसांनी."

"मग पंधरा दिवस. वाळू न भरता यंत्र आणा आणि नवी चाळीस माणसं बोलवा. नाही जमलं तर बाहेरचं यंत्र येईल, आणि मी दुसऱ्यांदा हा विषय ऐकणार नाही." त्या उठल्या. दाराशी थांबून म्हणाल्या, "मिस्त्री, पुढच्या वेळी आत येऊन बसा."

ते पंधरा दिवस कसे गेले याचं वर्णन करण्यात अर्थ नाही. खालच्या खोलीत लाकडाचे सात दांडे झाले आणि सहा फेकले गेले. चार बोटं खाली आणलेला दांडा दिसायला इतका खुजा वाटला की डिझायनरला तो बघवेना. तिने यंत्राचं डोकंच थोडं बसकं केलं, खांदे रुंद केले. आता ते पहिल्यासारखं ऐटदार नव्हतं. जमिनीत पाय रोवून उभ्या असलेल्या माणसासारखं दिसत होतं. काटा रोज सकाळी वजन करायला खाली यायचा आणि रोज म्हणायचा, "नऊशे ऐंशी. वीस ग्रॅम शिल्लक आहेत, उधळू नका."

चौदाव्या दिवशी चाळीस माणसं येऊन गेली. सत्तावीस जणांनी दांडा निवडला.

"चार कमी," बाई कागद बघून म्हणाल्या.

"हो."

"गेले कुठे हे चौघं?"

"वाळूबरोबर गेले," मिस्त्री म्हणाले. या वेळी ते खुर्चीत बसले होते.

बाईंच्या ओठांचा एक कोपरा हलला. "उद्या सकाळी मी तुमच्या घरी येते," त्या डिझायनरला म्हणाल्या. "आईंना काही सांगू नका."

आईला काही सांगितलं नाही, त्यामुळे दुसऱ्या दिवशी दारात उभ्या असलेल्या बाईंना तिने कंपनीची दुरुस्तीवाली समजून सरळ स्वयंपाकघरात नेलं. "बरं झालं आलात. मात्र हे नवीन पाठवलेलं बरं आहे हो. तुम्ही उभ्या का? तो कप द्या जरा इकडे, माझा एकच हात आहे."

बाईंनी कप दिला. लेक दारात उभी होती. आईने डाव्या काखेत वर्तमानपत्र धरलं होतं, प्लास्टर त्यावर टेकलेलं. उजव्या हाताने तिने वाटीत कॉफीची पूड भरली, वाटी यंत्रात बसवली, आणि जिन्यावरच्या दिव्याबद्दल काहीतरी सांगत सांगत दांड्यावर हात टाकला. हात खाली गेला. काळी धार कपात पडली. आई बोलतच होती. तिने यंत्राकडे पाहिलंसुद्धा नाही.

"कसं वाटतं?" बाईंनी विचारलं.

"काय?"

"यंत्र."

"अच्छा, ते होय," आई म्हणाली, जणू कुणी तिला ओट्याबद्दल किंवा खिडकीबद्दल विचारलं होतं. "चांगलं आहे. तुम्ही घेणार ना अर्धा कप?" आणि उत्तराची वाट न बघता तिने दुसरा कप खाली लावला.

बाईंनी पर्समधून घडी केलेला कागद काढला. ओट्यावर कोरडी जागा शोधली, ती सापडली नाही. मग त्यांनी कागद यंत्राच्या बसक्या, कोमट डोक्यावर पसरला आणि त्यावर दाबून सही केली. यंत्र हललं नाही.



"कसली सही?" आईने विचारलं.

"साच्यांची, आई. या आमच्या मालकीणबाई."

आईने बाईंकडे नीट पाहिलं, वर्तमानपत्र काखेतून काढून टेबलावर ठेवलं आणि सावरून उभी राहिली. पण ओशाळल्याचं तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं.

"मग बरंच झालं," ती म्हणाली. "त्या पाण्याच्या टाकीचं तोंड फार लहान आहे. एका हातानं भरताना निम्मं पाणी बाहेर जातं. साचे व्हायच्या आत तेवढं बघा."

बाईंनी पेनाचं टोपण लावता लावता डिझायनरकडे पाहिलं. डिझायनर पेन्सिल शोधत होती.